कोकणातल्या कोई हौदाचा हिवाळा: हीटर घेण्याआधी काय करावं, आणि घ्यायचाच झाला तर कसा

पहिल्या वर्षी कोई मासे पाळणाऱ्या प्रत्येकाला दिवाळीनंतर एकच काळजी लागते. मासे गारठतील का? हीटर घ्यावा लागेल का? माहिती शोधायला जावं तर सगळी बर्फ पडणाऱ्या देशांतली. गोठलेल्या तळ्यात हवेसाठी भोक कसं राखायचं, तळाचं चार अंशांचं पाणी ढवळू नये म्हणून पंप किती वर बसवायचा, असले सल्ले. जपानच्या निगाता भागात, जिथे हे मासे रंगासाठी पिढ्यान् पिढ्या निवडले गेले, तिथे हिवाळ्यात माणसाच्या उंचीपेक्षा जास्त बर्फ साठतो आणि पैदासकार थंडीपूर्वीच मासे तळ्यांतून काढून बंदिस्त हौदांत नेतात. तिथलं शास्त्र तिथे बरोबर आहे. वेंगुर्ल्याच्या किंवा गुहागरच्या परसात ते जसंच्या तसं आणलं तर पैसा वाया जातो आणि माशांनाही त्रास होतो.

कोई हा कार्प जातीचा मासा. थंड पाणी तो चांगलं सोसतो. २० ते २५ अंश सेल्सिअसला तो उत्तम वाढतो आणि १० अंशांखालीही जिवंत राहतो, फक्त खाणं-हिंडणं थांबवतो. आपल्याकडे त्याला खरा त्रास होतो तो चढउताराचा: दुपारी अंगात घाम आणि पहाटे गोधडी. रोज पाच-सहा अंशांची ये-जा झाली की माशाची प्रतिकारशक्ती खचते आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, बुरशी, पंख झडणं अशी दुखणी सुरू होतात. म्हणून कोकणात हिवाळ्याचं मुख्य काम पाणी तापवण्याचं नसून दिवसभरात मिळालेली ऊब रात्री टिकवण्याचं आहे. खालच्या पायऱ्या मी त्याच क्रमाने लावल्या आहेत. हीटर पाचव्या क्रमांकावर आहे आणि बहुतेकांना तिथवर जावंच लागणार नाही.

लागणाऱ्या वस्तू

- पाण्यात बुडणारे दोन थर्मामीटर (एक वर, एक तळाशी)
- पीएच, अमोनिया आणि केएच (काय ते चौथ्या पायरीत) मोजायचं थेंबांचं किट
- एअर पंप, एअर स्टोन (पाण्यात बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) आणि वीज गेल्यावर पंप चालेल असा छोटा इन्व्हर्टर
- हौदावर टाकायला झापं (नारळाच्या विणलेल्या झावळ्या) किंवा जाड पारदर्शक प्लॅस्टिक, आणि ते पेलायला बांबू किंवा पीव्हीसी पाइपची चौकट
- खडे मीठ, आयोडीन नसलेलं
- आजारी माशासाठी ५०० लिटरची वेगळी टाकी
- विजेचं ताजं बिल (कशाला ते पाचव्या पायरीत)

१. आधी आपलं पाणी मोजा

कोकण म्हणजे एकच हवामान नव्हे. रत्नागिरी, मालवण, अलिबाग अशा अगदी किनाऱ्यावरच्या गावांत जानेवारीतही रात्रीचा पारा सहसा १८-२० अंशांच्या आसपास असतो. दापोलीच्या पठारावर कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत तो काही पहाटे १० अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली गेलेला नोंदला जातो. तालुका तोच असला तरी वाडी खोलगटात असेल तर थंडी तिथे साठते, डोंगरउतारावर कमी लागते. शेजारच्या गावच्या मित्राने हीटर घेतला, एवढ्यावरून आपण घेऊ नये.

थंडी सुरू झाली की आठ-दहा दिवस दोन वेळा पाणी मोजा: सूर्य उगवण्याआधी आणि दुपारी चारच्या सुमारास. वहीत लिहून ठेवा. हवेचं तापमान नको, पाण्याचंच हवं. मग असं ठरवा:

पहाटेचं पाणी २० किंवा वर आणि दिवसाचा फरक तीन अंशांच्या आत: काहीही करू नका, फक्त खाणं सांभाळा.

पहाटे १६ ते २० किंवा फरक चार अंश आणि त्याहून जास्त: दुसरी, तिसरी आणि चौथी पायरी मन लावून करा.

पहाटे सलग काही दिवस १५ च्या खाली: या तीन पायऱ्या करा, आठवडाभर थांबा, पुन्हा मोजा, आणि मगच हीटरचा विचार करा.

फरक मोठा येत असेल तर कारण बहुतेक वेळा हौदाची खोली असते. दीड-दोन फूट खोल शोभेचं कुंड दिवसा लवकर तापतं आणि रात्री लवकर निवतं. कोईला चार फूट पाणी लागतंच. नवीन हौद बांधणार असाल तर हीटरचे पैसे खोदाईत घाला.

२. खाणं पाण्याच्या तापमानाप्रमाणे

कार्पला जठर नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात जातं आणि गार पाण्यात ते पचायला फार वेळ लागतो. २० अंशांच्या वर नेहमीचं खाणं द्या. १५ ते २० मध्ये निम्मं, दिवसातून एकदाच. १५ च्या खाली गव्हाच्या अंकुराचं, हलकं, कमी प्रथिनांचं खाद्य, तेही एक दिवसाआड. १० च्या खाली काहीच नाही. वेळ सकाळी अकरा ते दुपारी दोन. पाहुणे आले म्हणून संध्याकाळी पोरं मूठ-मूठ खाद्य टाकतात, ते बंद करा. रात्रभर गार पाण्यात न पचलेलं आणि न खाल्लेलं अन्न कुजतं, आणि फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणूही थंडीत मंद झालेले असतात, त्यामुळे अमोनिया चढतो.

३. रात्री ऊब धरून ठेवा

हौदातली उष्णता जाते ती मुख्यतः वरच्या बाजूने. बाष्पीभवन, वारा आणि निरभ्र आकाश ही तीन कारणं. हिवाळ्यात आपल्याकडे रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहते. ती कोरडी असते आणि पाण्यावरून वाहताना ऊब उचलून नेते. वर ढग नसले की पाणी उघड्या आभाळाकडे उष्णता सोडत राहतं. ज्या रात्री अंगणातल्या गवतावर भरपूर दव पडतं, त्या रात्री हौदही जास्त निवतो.

सगळ्यात आधी धबधबा बंद करा. शोभेचा धबधबा किंवा कारंजं रात्री चालू ठेवलं तर ते पाणी गार करण्याचं यंत्रच बनतं. पाण्याचे पातळ पडदे मतलईत पसरवले की वेगळं काय होणार? संध्याकाळी सहाला बंद, सकाळी नऊला चालू. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या: धबधबा बंद करायचा, फिल्टर नाही. पुष्कळ घरांत दोन्ही एकाच पंपावर असतात. तसं असेल तर पंपाच्या पाइपला टी आणि व्हॉल्व्ह लावून फिल्टरमधून आलेलं पाणी रात्री थेट पाण्याखाली सोडा. फिल्टर रात्रभर बंद राहिला तर त्यातले जिवाणू प्राणवायूवाचून मरतात आणि सकाळी पंप सुरू करताच ती घाण हौदात येते. एअर पंपही चालूच ठेवा.

मग झाकण. आपल्याकडे याला सगळ्यात स्वस्त आणि चांगली वस्तू घरचीच आहे, नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं. हौदाच्या काठापासून हातभर उंचीवर बांबूची चौकट करा आणि संध्याकाळी त्यावर झापं टाका. झाप आभाळाकडे जाणारी उष्णता अडवते आणि श्वासही घेते, त्यामुळे हवा कोंडत नाही. झापं वाळलेलीच वापरा. ओल्या झावळीचा कचरा आणि रस पाण्यात उतरून पाणी तांबूस होतं. पठारावर जास्त थंडी असेल तर झापांच्या खाली पारदर्शक प्लॅस्टिक ताणा आणि एका बाजूला वीतभर फट सोडा.

झाकण टाकण्याइतकंच ते काढणं महत्त्वाचं. सकाळी ऊन चढलं की झापं बाजूला झालीच पाहिजेत. जानेवारीतली कोकणातली दुपार ३० अंशांच्या पुढे जाते. प्लॅस्टिक तसंच राहिलं तर आतलं पाणी तापतं आणि ज्या चढउतारासाठी आपण धडपडलो तोच वाढतो. घरात सकाळी कोणी नसेल तर प्लॅस्टिकच्या भानगडीत पडू नका, फक्त झापं ठेवा. झापं काढताना हात घालण्याआधी काठीने हलवा. उबेला दिवड येऊन बसते. ती विषारी नाही, पण चावते, आणि लहान मासे तिचं आवडतं खाद्य.

जांभ्या चिऱ्यांचा हौद जमिनीच्या वर बांधलेला असेल तर भिंतींतूनही ऊब जाते. बाहेरून मातीचा भराव घालून त्यावर काही लावलंत तर दोन्ही कामं होतात. भाताचा पेंढा लावण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण पेंढ्याला वाळवी लागते आणि ती मग घराच्या वाशांकडे वळते. पूर्वेच्या बाजूला, मतलई जिकडून येते तिकडे, कुंपण दाट करा. गडग्यावर शेडनेट उभी बांधली तरी फरक कळतो.

बहुतेक किनारी गावांत एवढ्याने काम होतं.

४. विहिरीच्या पाण्याचा उपयोग

हिवाळ्यात पहाटे विहिरीचं पाणी अंगावर घेतलं की कोमट लागतं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. जमिनीतल्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. आमच्या विहिरीचं पाणी ऐन जानेवारीतही २६ अंशांच्या आसपास असतं, त्या वेळी हौद १९ वर उतरलेला असतो. हौदातलं दहावा हिस्सा पाणी काढून तेवढं विहिरीचं घातलं तर सगळ्या हौदाचं तापमान पाऊण अंशाच्या जवळपास वाढतं. सात हजार लिटरच्या हौदात एवढी वाढ हीटरने करायची तर साडेपाच-सहा युनिट वीज लागेल. विहिरीवरचा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप अर्धा तास चालवला तर पाव युनिटच्या आसपास. शिवाय पाणी बदललं जातं ते वेगळंच.

पण विहिरीचं पाणी सरळ हौदात सोडू नका. त्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. पाइपच्या तोंडाला भोकं पाडलेला डबा लावा आणि दोन-तीन फुटांवरून झारीसारखं पडू द्या. सावकाश सोडा. पहाटेच्या सुमारास, हौद सगळ्यात गार असताना सोडलं तर उपयोग जास्त.

दुसरी गोष्ट जांभ्याची. जांभ्याच्या जमिनीतलं पाणी मऊ आणि आम्लाकडे झुकणारं असतं. पीएच ६ किंवा त्याखाली मिळणं आपल्याकडे नवलाचं नाही. अशा पाण्यात केएच, म्हणजे आम्ल पचवून पीएच स्थिर ठेवण्याची ताकद, फार कमी असते, आणि एखाद्या रात्री पीएच एकदम कोसळू शकतो. त्यावर उपाय किनाऱ्यावरच पडलेला आहे. कालवांचे आणि तिसऱ्यांचे शिंपले मांस काढून, उकळून, उन्हात वाळवून जाळीच्या पिशवीत भरा आणि फिल्टरमधल्या वाहत्या पाण्यात ठेवा. शिंपला म्हणजे चुनखडीच. पाणी आम्ल होऊ लागलं की तो हळूहळू विरघळतो आणि पीएच सावरतो. वर्षातून एकदा पिशवी बघून भर घाला. आठवड्याला केएच मोजायची सवय ठेवा.

सार्वजनिक विहिरीचं पाणी वापरत असाल तर ग्रामपंचायतीने टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कधी टाकली ते विचारा. त्यातला क्लोरीन कल्ल्यांना जाळतो. नळाच्या पाण्यालाही तेच लागू. पाणी टाकीत साठवून एअर स्टोन लावून एक-दोन दिवस ठेवा किंवा मोजून सोडियम थायोसल्फेट घाला.

५. हीटर, अगदीच लागला तर

आधी हिशोब. एक हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे १.१६ युनिट वीज लागते. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ४ फूट खोल हौदात सुमारे ६,८०० लिटर पाणी बसतं. म्हणजे एका अंशाला जवळजवळ ८ युनिट. चार अंश वाढवायचे तर ३२ युनिट, आणि तीन किलोवॅटचा हीटर त्यासाठी जवळजवळ अकरा तास सलग चालायला हवा. हे सगळं वरून उष्णता जात नाही असं धरून. झाकण नसेल तर जात राहते आणि हीटर रात्रभर तिच्यामागे धावत राहतो. म्हणून झाकणाशिवाय हीटर लावूच नका.

हीटर घेताना थर्मोस्टॅट असलेला, टायटॅनियमच्या आवरणाचा घ्या. काचेचे लांब हीटर ॲक्वेरियमसाठी ठीक, पण मोठ्या कोईच्या शेपटीच्या फटक्याने फुटतात. हीटर माशांमध्ये न ठेवता फिल्टरच्या कप्प्यात, वाहत्या पाण्यात बसवा. पाण्याची पातळी खाली गेली तरी तो उघडा पडणार नाही अशा जागी.

थर्मोस्टॅट १८ किंवा फार तर २० वर लावा. माशांना उन्हाळा वाटावा म्हणून २६ ठेवलंत तर बिल वाढेल, मासे खायला मागतील, अमोनिया वाढेल, आणि तापलेल्या पाण्यात त्याच अमोनियाचा विषारी भाग जास्त असतो. आपल्याला फक्त पहाटेचा खड्डा भरायचा आहे. तापमान वाढवायचं ते दिवसाला एक अंशाने.

वीज. इथे जरा थांबून वाचा, कारण यात माणसाचा जीव जातो. तीन किलोवॅटचा हीटर १३ अँपिअर ओढतो. बिलावर मंजूर भार किती आहे ते बघा. कमी असेल तर महावितरणकडे आधी भार वाढवून घ्या. हीटरला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, वेगळी वायर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच हवा. अर्थिंग तपासून घ्या. जांभ्याच्या कोरड्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही. खड्डा खोल घ्यावा लागतो, त्यात कोळसा-मीठ भरावं लागतं आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. बादलीत टाकायचा हीटर रॉड हौदात कधीही, तासाभरासाठीसुद्धा टाकू नका. हौदात हात घालण्याआधी हीटरचा स्विच बंद करून पिन काढा, आणि घरातल्या मुलांनाही तेच शिकवा.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर हीटर चालणार नाही, त्याचा प्रयत्नही करू नका. इन्व्हर्टर एअर पंपासाठी ठेवा. झाकण असेल तर पाणी सावकाश निवेल आणि मासे ते सोसतील. प्राणवायूवाचून मात्र सोसणार नाहीत.

न्हाणीघरातल्या बंबाचं कढत पाणी हौदात ओतणं हा उपाय पुष्कळ घरांत सुचतो. त्याने होत काहीच नाही: ६० अंशांची वीस लिटरची बादली वर सांगितलेल्या हौदाला जेमतेम एक दशांश अंश वाढ देते. पण तिथेच पोहणाऱ्या माशाला चटका बसतो, आणि बंब तांब्याचा असेल तर आपल्या मऊ, आम्ल पाण्यात तांबं उतरतं. तांबं माशांना विष. तांब्याच्या नळ्यांतून पाणी फिरवून तापवायच्या जुगाडांपासूनही याच कारणाने लांब राहा.

६. आजाऱ्यासाठी वेगळी टाकी

हीटरचा खरा उपयोग मला इथे वाटतो. पडवीत, वारा लागणार नाही अशा ठिकाणी ५०० लिटरची टाकी ठेवा, तिला एअर स्टोन, छोटा स्पंज फिल्टर आणि ३०० वॅटचा थर्मोस्टॅटचा हीटर. अंगावर मिठाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके, भिंतीला अंग घासणं, पंख मिटून तळाशी बसणं, यांतलं काही दिसलं तर मासा या टाकीत आणा. पाणी हौदाच्याच तापमानाचं असू द्या आणि मग रोज एक-दोन अंश करत २८ पर्यंत न्या. ठिपक्यांच्या परजीवीचं जीवनचक्र उबेत लवकर पुरं होतं आणि तो मासा सोडून पाण्यात आला की औषधाच्या तावडीत सापडतो. मीठ हजार लिटरला ३ किलो या प्रमाणात, म्हणजे या टाकीला दीड किलो, दोन दिवसांत थोडं थोडं विरघळवून घाला. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून हवा जोरात सुरू ठेवा. हौदातही परजीवी असणारच, तिथल्या बाकीच्या माशांवर रोज नजर ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत नवीन मासे आणू नका. रात्रीच्या गाडीने पिशवीत गारठून आलेला मासा आजार घेऊन येतो. आणलाच तर तीन-चार आठवडे याच टाकीत.

७. आंब्याची फवारणी

कोकणात हिवाळ्यात कोई मरतात त्याचं कारण थंडीच असं धरून चालू नका. पालवी-मोहोराच्या काळात, नेमकं डिसेंबर ते फेब्रुवारी, तुडतुड्यांसाठी बागेत फवारण्या होतात. त्यात डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन यांसारखी औषधं असतात. माणसाला ती त्या मानाने कमी बाधतात, पण माशांना अत्यंत जहाल, आणि गार पाण्यात जास्तच. पंपाचा फवारा वाऱ्यावर शेजारच्या परसापर्यंत सहज येतो.

शेजारच्या बागायतदाराला आधीच सांगून ठेवा: फवारणीच्या आदल्या दिवशी निरोप द्या. आपल्याकडे कोणीही नाही म्हणत नाही. त्या दिवशी हौद पूर्ण झाका, झापांवर प्लॅस्टिक टाका आणि एअर पंपाची हवा घराच्या आतून ओढा. फवारलेल्या झाडाखालचा पालापाचोळा हौदात येऊ देऊ नका. फवारणीची भांडी हौदाजवळ धुवायची नाहीत. हौद कलमाच्या फांद्यांखालीच असेल तर त्या झाडाला फवारणी न करणं हाच मार्ग, किंवा हौद दुसरीकडे.

फवारणीनंतर मासे वेडेवाकडे पोहायला लागले, उड्या मारू लागले तर थंडी समजून हीटर लावत बसू नका. लगेच निम्मं पाणी बदला, हवा वाढवा, आणि फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाची पिशवी टाका.

८. थंडी ओसरताना

महाशिवरात्रीच्या सुमारास पहाटेचं पाणी सलग आठवडाभर २१-२२ च्या वर राहिलं की हीटर आधी बंद करा, झापं त्यानंतर आठवड्याने काढा. खाणं एकदम वाढवू नका, फिल्टरच्या जिवाणूंना वेळ द्या आणि दर दोन दिवसांनी अमोनिया मोजा. याच दिवसांत बेडूक आणि खंड्या यांच्याकडेही लक्ष ठेवा, हौद उघडा पडला की खंड्या लगेच येतो. हीटर गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा. खाऱ्या हवेत पिन गंजते, ती कोरड्या फडक्यात गुंडाळा. बांबूची चौकट मात्र काढू नका. मार्चच्या मध्यापासून तिच्यावर हिरवी शेडनेट चढवायची आहे, कारण एप्रिल-मेमध्ये पाणी ३० च्या वर जातं आणि ते कोईला या हिवाळ्यापेक्षा कितीतरी जड.